दोन स्टेजेसच्या मधला रस्ता आणि तिथला वेग

विचारलेलं थोडक्यात असं: गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात मोटार रॅली झाली. स्पर्धेचा घाटरस्ता पोलिसांनी बंद केला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दिवशी गावातून जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्यावर, दारांवर मोठे नंबर लावलेल्या गाड्या एसटीला आणि उसाच्या ट्रॅक्टरला कट मारत सुसाट जात होत्या. हाही स्पर्धेचाच भाग असतो का? त्यांना वेगमर्यादा लागू नसते का? पोलीस काहीच का करत नाहीत? आणि पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला द्यावा की नाही?

मी बरीच वर्षं नॅव्हिगेटरच्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणाऱ्याच्या, सीटवर काढली, आता रॅलीच्या दिवशी आयोजकांच्या कंट्रोल रूममध्ये बसते. तुम्ही रस्त्याच्या कडेने जे पाहिलंत ते मी गाडीच्या आतूनही पाहिलंय आणि तक्रार नोंदवून घेणारी म्हणूनही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. तो रस्ता स्पर्धेचा भाग असतो, तो वेग नसतो. वेगमर्यादा त्यांनाही लागू असते, तुमच्याआमच्याइतकीच. मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमात स्पष्ट लिहिलंय की स्पर्धा सुरू असताना सगळ्यांनी त्या-त्या देशाचे वाहतुकीचे कायदे पाळायचे. आपल्याकडची मोटारस्पर्धांची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय त्याच चौकटीत काम करते. दारावरचा नंबर ही कसलीही सवलत नाही.

रॅलीत दोन जातीचे रस्ते असतात. एक स्पेशल स्टेज. हा रस्ता पूर्ण बंद, गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सोडलेल्या, वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली. दुसरा म्हणजे एक स्टेज संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा, किंवा सर्व्हिस पार्कपर्यंतचा (जिथे मेकॅनिक गाडी दुरुस्त करतात) उघडा रस्ता. आम्ही त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतो, डाकार या वाळवंटातल्या रॅलीवाले लिएझन म्हणतात. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या एका फेरीत स्टेजेस सगळ्या मिळून ३०० किलोमीटरच्या आसपास भरतात, आणि एकूण प्रवास त्याच्या चौपट-पाचपट असतो. म्हणजे जगज्जेता ड्रायव्हरसुद्धा रॅलीतलं बहुतेक अंतर सिग्नलला थांबत, ट्रकच्या मागे रखडत, शाळेपाशी स्पीडब्रेकर मोजत कापतो. म्हणून तर रॅलीच्या गाडीला नंबर प्लेट लागते, विमा लागतो, हेडलाइट-इंडिकेटर चालू लागतात आणि दोघांकडेही वाहन चालवण्याचा परवाना लागतो. सर्किटवरच्या गाडीला यातलं काही नसलं तरी चालतं.

आता तुम्हाला वाटेल, मग हे लोक पळतात कशाला? लवकर पोचून बक्षीस मिळतं का? उलट आहे. लवकर पोचणाऱ्याला उशिरा पोचणाऱ्यापेक्षा जास्त मार बसतो. ट्रान्सपोर्टच्या शेवटी टाइम कंट्रोल असतो, बोलताना टीसी. तिथे नॅव्हिगेटर टाइम कार्ड देतो आणि अधिकारी त्यावर वेळ टाकतो. आंतरराष्ट्रीय नियमात ठरलेल्या मिनिटापेक्षा उशीर झाला तर दर मिनिटाला १० सेकंदांचा दंड, आणि लवकर पोचलं तर दर मिनिटाला पूर्ण १ मिनिटाचा. म्हणजे घाई सहापट महाग. म्हणूनच कुठल्याही टीसीच्या अलीकडे, पिवळ्या घड्याळाच्या बोर्डाआधी, चार-पाच गाड्या इंजिन बंद करून रांगेत उभ्या दिसतात. ड्रायव्हर पाणी पितोय, नॅव्हिगेटर हातातल्या घड्याळाकडे बघतोय. आपला मिनिट लागला की गाडी पुढे जाते आणि कार्ड टेबलावर. मिनिट १०:४८ चा असेल तर १०:४८:०० ला दिलेलं कार्ड आणि १०:४८:५९ ला दिलेलं कार्ड सारखंच. पुढचा एक सेकंद गेला की दहा सेकंद गेले.

नियम असा असताना, ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याला उघड्या रस्त्यावर पळायचं काही कारण उरत नाही. पळतो तो, ज्याच्या अंगावर वेळेची उधारी चढलेली असते. ती कशी चढते हे कळलं तरच तुमच्या पुढच्या प्रश्नांना अर्थ आहे.

मधल्या टप्प्याची वेळ स्टेजच्या शेवटापासून नाही, स्टेजच्या सुरुवातीपासून मोजतात. समजा स्टेज १८ किलोमीटरची आणि पुढचा उघडा रस्ता २७ किलोमीटरचा. आयोजकाने दोन्ही मिळून ५४ मिनिटं दिली. स्टेजला १४ मिनिटं लागली तर २७ किलोमीटरसाठी ४० मिनिटं हातात, सरासरी वेग ताशी ४०. आरामात होतं, वाटेत पेट्रोलही भरता येतं. आता स्टेजमध्ये टायर फुटला आणि तिथेच चाक बदलावं लागलं. तीन मिनिटं गेली. ती स्टेजच्या वेळेत तर गेलीच, पण ट्रान्सपोर्टच्या ४० मिनिटांतूनही गेली. स्टेजबाहेर आल्यावर लक्षात आलं की दगडाने चाकाला धरणारा खालचा आर्म वाकलाय. सर्व्हिस पार्कच्या बाहेर मेकॅनिकने गाडीला हात लावायचा नाही, हाही नियम. म्हणून दोघंच रस्त्याच्या कडेला, गाडीतल्या हत्यारांनी, रॅचेट स्ट्रॅपने ओढून आर्म कसाबसा सरळ करतात. त्यात बारा मिनिटं. आता उरली २५. २७ किलोमीटर २५ मिनिटांत म्हणजे सरासरी ६५. कागदावर ६५ काही भयंकर वाटत नाही. पण गावं, वळणं, एसटी थांबा, रस्त्यात बसलेली गुरं धरून सरासरी ६५ ठेवायची तर मोकळ्या पट्ट्यात काटा शंभराच्या पुढेच न्यावा लागतो. तुम्ही ट्रॅक्टरला कट मारताना पाहिलेली गाडी बहुधा या हिशेबात होती.

कायद्याने जाऊन सरासरी ४५ पडली असती तर ३६ मिनिटं लागली असती. अकरा मिनिटं उशीर, ११० सेकंद दंड. स्टेजवर जिवाची बाजी लावून कुणी ११० सेकंद कमावत नाही. आजच्या रॅल्या किती थोडक्यात सुटतात ते पाहा: २०२१ ची क्रोएशिया रॅली सेबास्टियन ओजिएने एल्फिन एव्हान्सवर ०.६ सेकंदाने जिंकली. अशा खेळात एका मिनिटाच्या उशिराचे दहा सेकंद म्हणजे आख्खी रॅली. आणि उशीर ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर गाडी स्पर्धेतूनच बाद. मोह कुठून येतो ते यात आलं.

इथे नॅव्हिगेटरची कसोटी लागते, पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या लिहून ठेवलेल्या खुणा, वाचण्यात लागते त्याहून जास्त. नवीन मुलं हत्यारांची पेटी आधी उघडतात आणि घड्याळ नंतर बघतात. जुना माणूस गाडी थांबली की पहिल्यांदा कार्ड काढतो, पुढच्या टीसीचं मिनिट बघतो, अंतर बघतो, वाटेत किती गावं आहेत ते रोड बुकच्या, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या मार्गपुस्तिकेच्या, पानांवर बघतो, आणि मग ड्रायव्हरला सांगतो, "दहा वाजून एकवीसला निघायचं. झालं तर झालं, नाहीतर असंच." दुरुस्तीची वेळ आधी कापून ठेवायची, रस्त्याची नाही. ज्या जोडीत हे ठरलेलं असतं त्या जोडीची गाडी तुम्हाला गावात सुसाट जाताना दिसणार नाही. बरेच ड्रायव्हर तर ट्रान्सपोर्टला स्टिअरिंग नॅव्हिगेटरकडे देतात आणि स्वतः डोळे मिटून बसतात. मला ती पद्धत आवडते. डोकं गार असलेल्या माणसाने गावातून गाडी न्यावी.

कारण दुसरं कारण डोक्यातच आहे. २०१६ च्या रॅली फिनलंडमध्ये विजेत्या क्रिस मीकचा सगळ्या स्टेजेसचा मिळून सरासरी वेग ताशी १२६ किलोमीटरच्या वर होता, तोही जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर. आपल्याकडचे आकडे त्याच्या जवळपासही नाहीत, पण परिणाम तोच होतो. स्टेजवरून उतरल्यावर पंधरावीस मिनिटं डोळ्यांना ८० म्हणजे गाडी उभी असल्यासारखी वाटते. त्यात रॅलीची गाडी उघड्या रस्त्यासाठी बनलेलीच नसते. सीट खाली, आतल्या संरक्षक पिंजऱ्याचे, रोल केजचे, पाइप बाजूच्या नजरेत येतात, गिअरबॉक्सचा आवाज इतका की मागच्या बाइकचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि स्पर्धेचे ब्रेक पॅड गार असताना धड पकडत नाहीत. रॅलीची गाडी म्हणजे ब्रेक जबरदस्त, असं लोकांना वाटतं. तापल्यावर जबरदस्त. बाजारपेठेत तुमच्या घरच्या गाडीचेच बरे.

पोलिसांचं म्हणाल, तर पोलीस पकडत नाहीत असं नाही. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण स्वीडनचं आहे. फेब्रुवारी २०११, रॅली स्वीडन. २००३ चा जगज्जेता, नॉर्वेचा पेटर सोलबर्ग ट्रान्सपोर्टवर मर्यादेपेक्षा जोरात जाताना पोलिसांना सापडला. त्यांनी परवान्यावर बंदी लावली. ती लगेच नाही, तर काही तासांनी लागू होणार होती, आणि ती वेळ नेमकी रविवारी, शेवटच्या स्टेजच्या आधी येत होती. त्या वर्षीच पॉवर स्टेज नावाचा प्रकार सुरू झाला होता, म्हणजे शेवटच्या स्टेजला जादा गुण आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आणि त्या थेट प्रक्षेपणात जगाने काय पाहिलं? सोलबर्ग उजव्या सीटवर बसून नोट्स वाचतोय आणि त्याचा नॅव्हिगेटर क्रिस पॅटरसन बर्फावर सिट्रोएन डीएस३ चालवतोय. पॅटरसनने गाडी जपून, न आपटता आणली आणि त्यांचा पाचवा क्रमांक टिकला. पॉवर स्टेजच्या जादा गुणांवर मात्र पाणी. त्या पोलिसाने "अहो, हे तर सोलबर्ग" म्हणून सोडलं नाही.

दुसरं उदाहरण १९९८ च्या ब्रिटनमधल्या रॅलीचं. टॉमी मॅकिनेन चौथ्या... नाही, सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी झगडत होता. मिलब्रूकच्या स्टेजवर आधीच्या कुठल्यातरी जुन्या गाडीचं तेल सांडलेलं, त्यावरून घसरून काँक्रीटच्या ठोकळ्याला धडक, मागचं चाक गेलं. पठ्ठ्या तीन चाकांवर स्टेज पार करून सार्वजनिक रस्त्यावर आला, आणि तिथे पोलिसांनी अडवलं. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक नाही, विषय संपला. विजेतेपद गेलंच असं सगळे धरून चालले होते. नंतर शेवटच्या स्टेजला, शेवट काही शे मीटरवर असताना, कार्लोस साइन्झच्या टोयोटाचं इंजिन बंद पडलं आणि घरी जायच्या तयारीत असलेला मॅकिनेन जगज्जेता झाला. साइन्झचा नॅव्हिगेटर लुइस मोया गाडीची मागची काच हेल्मेटने फोडतानाचं दृश्य बहुतेकांनी पाहिलं असेल. लोकांना ते आठवतं. मला तो पोलीस आठवतो.

नियमातली शिक्षा कशी आहे तेही सांगते, कारण माझ्या मते पहिली पायरी तिथेच चुकते. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या नियमात पहिल्यांदा वेगमर्यादा मोडली तर मर्यादेच्या वरच्या दर ताशी किलोमीटरला २५ युरो दंड. दुसऱ्यांदा सापडला तर ५ मिनिटांचा दंड. तिसऱ्यांदा थेट बाद. पोलिसांचा दंड वेगळा. तो भरला म्हणून हा माफ होत नाही. आता हिशेब करा. मर्यादेपेक्षा ३० ने जास्त म्हणजे ७५० युरो. कंपनीच्या संघाला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. आणि त्या बदल्यात वाचतात दहा, वीस, तीस सेकंद. पैशाने सेकंद विकत घेता येत असतील तर श्रीमंत संघ ते घेणारच. पाच मिनिटांची पायरी मात्र खरोखर बोचते, त्यावर कुणी जुगार खेळत नाही. माझं म्हणणं, पहिल्याच वेळी दंड सेकंदांत असावा, थोडाच, पण सेकंदांत. स्पर्धकाला पैशांची भाषा कळत नाही असं नाही, घड्याळाची लवकर कळते इतकंच.

आणखी एक अडचण आहे, ती आपल्याकडे जास्त जाणवते. पोलिसांनी गाडी जागेवर न अडवता आयोजकांना कारवाई करायला सांगितलं, तर ती सूचना अधिकृत मार्गाने, लेखी, आणि तात्पुरता निकाल लागायच्या आधी यावी लागते. त्यात ड्रायव्हर कोण, जागा कुठली, वेळ काय हे निःसंदिग्ध असावं लागतं. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे, निकालानंतर कुणीही उठून तक्रार केली तर खेळ चालणार नाही. पण आपल्याकडचा कॅमेऱ्याचा ई-चलान गाडीमालकाच्या मोबाइलवर येतो, तेव्हा ट्रॉफी शोकेसमध्ये गेलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड, तो भरला की झालं. बेदरकारपणासाठी कलम १८४ आहे, त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे, पण त्यासाठी कुणीतरी जागेवर पाहून नोंद करावी लागते. कलम १८९ तर शर्यतीबद्दलच आहे: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावणं हा गुन्हा. रॅलीला ही संमती मिळते ती बंद केलेल्या स्टेजपुरती. तुमच्या गावातल्या रस्त्याला ती लागू होत नाही, आणि एखादा आयोजक "आमच्याकडे कलेक्टरची परवानगी आहे" म्हणाला तर ती कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत आहे हे त्याला विचारा.

म्हणून पोलिसांवर सगळं सोडून चालत नाही, आयोजकाने स्वतः मोजलं पाहिजे. डाकारमध्ये प्रत्येक गाडीवरच्या जीपीएसवर गावांमधले मर्यादित वेगाचे पट्टे टाकलेले असतात. पट्ट्यात काटा वर गेला की नोंद झाली, संध्याकाळी दंड. वाद घालायला जागाच नाही. आपल्याकडे आता ट्रॅकर बसवणं पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही, पण बरेच आयोजक ट्रॅकरकडे फक्त स्टेजवर गाडी कुठे अडकली ते शोधायला बघतात. ट्रान्सपोर्टचा डेटा कुणी उघडूनही पाहत नाही. मी जिथे बसते तिथे आम्ही तो उघडतो, आणि पहिल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये तसं सांगून टाकतो. नुसतं सांगितल्यानेच निम्मं काम होतं.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नाही, पण असायला हवी. तुम्ही पाहिलेल्या गाड्यांमध्ये नंबरवाल्या किती होत्या आणि बाकीच्या किती? कारण रॅलीच्या दिवशी गावातून सगळ्यात वाईट चालतात त्या स्पर्धेतल्या गाड्या नव्हेत. स्पर्धकाच्या डोक्यावर टाइम कार्ड असतं, नंबर असतो, बाद होण्याची भीती असते. त्याच्यामागून पळणाऱ्या सर्व्हिसच्या गाड्या, टायर आणि जॅक भरलेल्या पिकअप, चालकासह रात्रभर जागलेले मेकॅनिक, फोटोग्राफर, आणि एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला धावणारे हौशी प्रेक्षक, यांना कुठलंच कार्ड नसतं. सौदी अरेबियात १४ जानेवारी २०२२ ला, डाकारच्या शेवटच्या दिवशी, एका फ्रेंच संघाच्या सहाय्यक गाडीची ट्रकशी धडक झाली आणि वीस वर्षांचा मेकॅनिक गेला. स्पर्धेच्या रस्त्यावर नाही, उघड्या रस्त्यावर. आपल्याकडे गावकऱ्यांच्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच चौकशीअंती स्टिकर लावलेल्या सर्व्हिसच्या जीपच्याच निघतात. लांबून स्टिकर दिसतो, नंबर दिसत नाही. प्रेक्षकांच्या मोटरसायकली तर विचारूच नका. रॅली बघून आलेल्या पोरांना घरी जाताना प्रत्येक वळण स्टेजचं वाटतं.

आणि नेहमी वेगच कारण असतो असंही नाही. वर म्हटलेल्या क्रोएशियातच, रविवारी सकाळी पहिल्या स्टेजकडे जाताना झाग्रेबच्या रस्त्यावर ओजिएच्या गाडीची एका खासगी बीएमडब्ल्यूशी टक्कर झाली. उजव्या बाजूच्या दाराची वाट लागली, ते तसंच बसवून त्याने रॅली जिंकली. पण अपघाताच्या जागेवरून निघून जाण्याच्या प्रकारावरून स्टुअर्डनी, म्हणजे स्पर्धेच्या पंचांनी, त्याला दंड केला आणि एका रॅलीची बंदी सुनावली, ती स्थगित ठेवून. मला विचाराल तर त्या दिवशी बंदी लगेच लागू व्हायला हवी होती. २०२४ मध्ये पोलंडला तोच ओजिए आणि त्याचा नॅव्हिगेटर रेकीच्या वेळी समोरून आलेल्या गाडीला धडकून रुग्णालयात गेले. रेकी म्हणजे स्पर्धेआधी नोट्स लिहिण्यासाठी उघड्या रस्त्यावरून केलेली फेरी, तिथे वाहतूक चालू असते. त्याच्या जागी ऐनवेळी बोलावलेल्या काले रोवानपेराने ती रॅली जिंकली, म्हणून बातम्या त्याच्याच झाल्या. याहून जुनं उदाहरण म्हणजे १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन. तिचा आपल्याशी संबंध असा की गाड्या लंडनहून जमिनीवरून मुंबईपर्यंत आल्या आणि इथून एसएस चुसान बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. सिडनी जवळ आलेलं, सिट्रोएनमधला ल्युसिएन बियांकी आघाडीवर, आणि समोरून आलेल्या एका मिनीशी टक्कर. बियांकी जखमी झाला, मागून येणारा पॅडी हॉपकर्क मदतीला थांबला, आणि हिलमन हंटरमधला अँड्र्यू कावन जिंकला. हजारो किलोमीटर वाळवंट आणि डोंगर ओलांडून आलेली गाडी शेवटी साध्या रस्त्यावर संपली.

बंद स्टेजही आपोआप सुरक्षित होत नाही, हे आपल्याला २०१९ साली बाडमेर जिल्ह्यात कळलं. राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक मोटरसायकल आली आणि एका कुटुंबातली तीन माणसं गेली. त्यानंतर आयोजकांचं सगळं लक्ष स्टेज बंद करण्याकडे गेलं, बॅरिकेड, मार्शल, शिट्ट्या, आणि ते जाणं योग्यच होतं. पण त्यामुळे मधला रस्ता पुन्हा कुणाच्याच यादीत राहिला नाही.

टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीचंही दोन ओळींत सांगते, कारण महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेली असते ती तीच. त्यात सगळा रस्ता उघडा, ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, लवकर आणि उशीर दोन्हींना दंड. तिथे सरासरी कायद्याच्या मर्यादेखाली ठेवलेली असते. तरी वाट चुकलेला स्पर्धक चुकलेले किलोमीटर भरून काढायला पळतोच. उधारी तीच, फक्त कारण वेगळं.

आता ना-हरकतीचं. माझं मत, द्या, पण कोरा दाखला देऊ नका. आयोजकाकडून रोड बुकची तुमच्या गावातून जाणारी पानं मागा आणि त्या टप्प्याला किती मिनिटं दिलीत ते विचारा. अंतर भागिले वेळ करा. स्टेजचा वेळ वजा करून उघड्या रस्त्याची सरासरी ४०-४५ च्या वर जात असेल तर वेळ वाढवून मागा. त्यात आयोजकाचा काही तोटा नाही, दिवस थोडा लांबतो एवढंच. बाजाराचा दिवस आणि शाळा सुटायची वेळ त्यांना सांगून ठेवा, बाहेरगावच्या आयोजकाला ती माहीत नसते. दुरुस्तीसाठी टीसीच्या आधी मोकळी जागा ठेवली आहे का ते बघा. गावात शिरताना आणि बाहेर पडताना रोड बुकमध्ये मर्यादित वेगाचा पट्टा छापायला लावा आणि त्या पट्ट्यातला ट्रॅकरचा डेटा त्याच संध्याकाळी पाहिला जाईल हे लेखी घ्या. सर्व्हिसच्या गाड्यांनाही दारावर मोठा नंबर लावायला लावा, संघाच्या नंबराशी जोडलेला, म्हणजे मेकॅनिकने केलेल्या प्रतापाचा दंड ड्रायव्हरच्या वेळेत बसवता येतो. हे एकदा झालं की संघमालक स्वतःच पिकअपच्या चालकाला फोन करून सावकाश ये म्हणतो.

आणि त्या दिवशी पुन्हा तसं दिसलं तर व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकून थांबू नका, निकाल लागायच्या आत कळवा. दारावरचा नंबर, जागा आणि वेळ मिनिटासह, इतकं पुरतं. जिवाला धोका वाटला तर आधी ११२. आयोजकांचा कंट्रोल रूमचा फोन नंबर रॅलीच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि एसटी थांब्यावर लागलेला असला पाहिजे, ही अट ना-हरकतीच्या पत्रात पहिल्या क्रमांकावर घाला.